ऑगस्टात ढ व्हायचं

गुरुवारी आई चर्चच्या तळघरात आली तेव्हाच मला कळलं, आज काहीतरी होणार. तिने एप्रन बांधला, हात धुतले, आणि पारास्का आजीच्या शेजारची आपली नेहमीची खुर्ची सोडून सरळ लॉरेन मामीच्या समोर जाऊन बसली! आजोबांच्या घराच्या वाटणीचं झालं तेव्हापासून या दोघी एका टेबलाला बसल्या नव्हत्या. प्रार्थनेलासुद्धा आई डावीकडच्या बाकावर तर मामी उजवीकडच्या. मी पलीकडे पीठ लाटत होते, लाटणं तसंच हातात राहिलं.

शुक्रवारी विकायच्या पिरोही गुरुवारी करायच्या, हे माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. लांब टेबलं, त्यांवर पीठ भुरभुरवलेलं, आणि दोन्ही बाजूंनी बायका. एकीने बटाटा-चीजचा गोळा चकतीवर ठेवायचा, दुसरीने चकती दुमडून कडा चिमटायच्या. चिमटा सैल बसला की पिरोही उकळत्या पाण्यात फुटते, आणि मग पारास्का आजी ती झाऱ्यात धरून सगळ्या टेबलांवरून फिरवते, “कोणाची ही? बोला ना, कोणाची?” जणू बेवारस पोर सापडलंय.

आईने पहिली चकती दुमडली आणि म्हणाली, “लॉरेन, वासिलला सांग. डेमियन उद्या खेळणार नाही.”

मामीने मान वर केली नाही. “तू सांग. भाऊ तुझा आहे.”

“भाऊ माझा आहे, पण ऐकतो तुझं.”

“माझं?” मामी हसली. “लग्न झाल्यापासून त्याने माझं एकदाच ऐकलंय, खेळणं सोडताना. तेही त्याच्या गुडघ्याने आधी सांगितलं होतं म्हणून.”

शेरिल मामी, म्हणजे धाकट्या मायरन मामाची बायको, शेजारीच गोळे वळत होती. ती घाईघाईने म्हणाली, “अगं वेरा, पण टेस्ट झाली ना त्याची? चांगली आली ना?”

“चांगली नाही आली,” आई म्हणाली. “ऑगस्टासारखी आली.”

आणि तिघी एकदम गप्प.

कारण काय ते सांगते. आमचा डेमियन, माझा भाऊ, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा लाइनबॅकर. समोरून बॉल घेऊन येणाऱ्याला आडवं पाडायचं, हे त्याचं काम. वासिल मामा प्रो लीगमध्ये होता तेव्हाची त्याचीच जागा, त्याचाच नंबर, आणि आता मामाच त्याचा कोच. गेल्या शुक्रवारी डेमियनने एकाला असा काही आडवा केला की आवाज वरच्या रस्त्यापर्यंत गेला म्हणतात. मग तो उठला आणि शांतपणे चालत जाऊन समोरच्या टीमच्या बाकावर बसायला लागला. त्यांच्यातल्या एकाने त्याला खांद्याला धरून परत वळवलं. लोक हसले. खरं सांगू? आम्हीही हसलो.

रविवारी मात्र आई हसली नाही. डेमियन सहा वर्षांचा असल्यापासून चर्चमध्ये गातो. आमच्याकडे ऑर्गन नाही, काही नाही, सगळं गळ्यावर चालतं. आणि त्या दिवशी तो ‘हे आमच्या स्वर्गातल्या बापा’ म्हणता म्हणता मध्येच थांबला. पुढचं आठवेना! बाकीची प्रार्थना त्याने नुसते ओठ हलवले. आई शेजारी उभी होती, तिने सगळं बघितलं आणि ती समोर मेणबत्तीकडे बघत राहिली.

सोमवारी शाळेत टीमची तब्येत बघणाऱ्या मिस डार्सीने त्याची कॉम्प्युटरवर टेस्ट घेतली. डोक्याला मार बसला की ही टेस्ट द्यायची: शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, रंग दिसला की बटण दाबा. सीझनच्या आधी, ऑगस्टात सगळ्या पोरांनी ती एकदा दिलेली असते. आता आलेला आकडा ऑगस्टच्या आकड्याशी जुळला की डोकं ठीक, जा खेळायला. डेमियनचा जुळला.

आणि तो का जुळला, हे आमच्या घरात पोरासोरांनाही माहीत होतं.

ऑगस्टात मायरन मामाच्या अंगणात सगळे जमलो होतो, सॉसेज भाजत होतो, आणि पोरांची टेस्ट दुसऱ्या दिवशी होती. वासिल मामा उठून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण नकला अशा करतो ना! डोळे तिरळे केले, तोंड वाकडं केलं, म्हणाला, “डॉक्टर विचारायचा, महिना कुठला चालू आहे? मी म्हणायचो, दुपार!” आम्ही हसून लोटपोट. मग पोरांकडे वळून बोट नाचवत म्हणाला, “आमच्यावेळी सगळे हेच करायचे. ऑगस्टात ढ व्हायचं रे! ऑगस्टात ढ झालात की ऑक्टोबरात कोणी तुम्हाला बाकावर बसवत नाही.” आई इतकी हसली की तिच्या हातातली मक्याची कणसं गवतावर पडली.

म्हणून त्या तिघी गप्प.

“मी आत्ता शाळेत जाते,” आई म्हणाली, “आणि मिस डार्सीला सांगते की ऑगस्टचा आकडा खोटा आहे.”

“जाशील,” लॉरेन मामी म्हणाली. “मग ती विचारेल, कोणी शिकवलं.”

“विचारू दे.”

मामी परत चिमटायला लागली, पण तिचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला खूप नंतर, गाडीत बसून सांगितलं. सकाळी ती मामाच्या शर्टाची बटणं लावत होती. मामाची बोटं एकूण एक वाकडी, दोन तर एकमेकांवर चढलेली. थंडी सुरू झाली की बटण, झाकण, किल्ली, सगळं तीच करते. तिने शेवटचं बटण लावताना विचारलं, “वासिल, पोरगा ठीक आहे?”

“मशीन म्हणतंय ठीक आहे.”

“मशीनला कोणी शिकवलं?”

मामाने खिडकीबाहेर बघितलं. खाली नदी, नदीपलीकडे बंद पडलेला कारखाना, आजोबा आणि त्यांचे वडील जिथे पोलाद ओतायचे तो. “उद्या कॉलेजच्या टीमसाठी पोरं निवडणारा माणूस येतोय,” तो म्हणाला. “फक्त त्याला बघायला, लॉरेन. मला इथून बाहेर काढायला कोणीतरी आलं होतं म्हणून मी निघालो. त्याच्यासाठी उद्या आहे. परवा नाही.” आणि मामी मला म्हणाली, बघ, तो खोटं बोलत नव्हता. तो पोरावर जीव टाकतो म्हणूनच त्याला ते मशीन खरं हवं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून मायरन मामाचा आवाज आला. तो टायर विकतो आणि टीमसाठी वर्गणी गोळा करतो, आणि दोन्ही कामं सारख्याच आवाजात करतो. “कुठे आहेत माझ्या शेवया? तीस पैलवान उपाशी बसलेत तिकडे!” सामन्याच्या आदल्या दिवशी टीमला लोणी-कोबीतल्या शेवया लागतात, त्या आमच्याच तळघरात होतात. मागून वासिल मामा उतरला, जिना एका वेळी एक पायरी, कठड्याला धरून.

“वाक रे वासिल,” पारास्का आजी ओरडली, “दारावर डोकं आपटशील! तुला काही व्हायचं नाही, पण दार नवीन आहे!”

सगळ्या बायका खदखदल्या. मामाने आजीच्या डोक्याचा मुका घेतला. मग त्याने आईला मामीसमोर बसलेलं बघितलं आणि त्याचं हसू मावळलं.

“काय झालं?”

“तो उद्या खेळणार नाही,” आई म्हणाली.

“वेरा, इथे नको.”

“मग कुठे? मैदानावर, भोंग्यातून सांगू?”

मामा खुर्ची ओढून बसला. हळू आवाजात म्हणाला, “त्याची टेस्ट झाली.”

“ती तू शिकवलेली टेस्ट झाली. तो रविवारी प्रार्थना विसरला, वासिल. आपली रोजची.”

“सतरा वर्षांचा आहे. मुलीबिलीचा विचार करत असेल.”

“तू आत्ता स्वतःला ऐकलंस का?”

मायरन मामा मध्ये पडला. “ताई, जरा डोकं शांत ठेव. तू शाळेत जाऊन काय सांगणार? माझ्या पोराने टेस्टमध्ये लबाडी केली? ते कॉलेजच्या माणसाच्या कानावर जायला एक तास लागणार नाही. लबाड पोरगा कोण घेईल? दादाची नोकरी जाईल ते वेगळंच. आणि बक्षीस काय, तर डेमियन माझ्या दुकानात टायर बदलणार. आवडेल तुला?”

शेरिल मामीने मान हलवली. “मायरन बरोबर बोलतोय, वेरा. एकच तर सामना.”

आईने लॉरेन मामीकडे बघितलं. मला वाटलं, आता मामी नवऱ्याची बाजू घेणार. नेहमी घेते. पण मामीने हातातली पिरोही खाली ठेवली आणि म्हणाली, “मी वेराबरोबर शाळेत जाते.”

“तू?” मामा म्हणाला.

“हो, मी. बटणं मी लावते ना? मग हेही मीच करते.”

मामाचे कान लाल झाले. मामी त्याला चारचौघांत असं कधीच बोललेली नव्हती. बाजूच्या टेबलांवर बोलणं मंदावलं होतं, सगळ्या ऐकत होत्या आणि ऐकत नसल्यासारखं करत होत्या.

आणि नेमकी तेव्हाच पोरं आली. शेवयांची घमेली उचलून न्यायला डेमियन आणि मायरन मामाचा ट्रेंट. ट्रेंटने आल्याआल्या एक पिरोही तोंडात टाकली. डेमियन जिन्याच्या तळाशी ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे बारीक करून उभा राहिला.

आई उठली. “डेमियन, इकडे ये. मामाला सांग. ऑगस्टात तू मुद्दाम चुकलास की नाही? सांग एकदा, म्हणजे विषय संपेल. कोणी रागावणार नाही.”

डेमियनने मामाकडे बघितलं. मग जमिनीकडे.

“बोल ना.”

“मी मुद्दाम नाही चुकलो,” तो म्हणाला.

“अरे, मामाला वाचवू नकोस आता—”

“आई, मी नाही चुकलो मुद्दाम. मी ठरवलं होतं की ढ व्हायचं नाही. मला वाटलं, कॉलेजला हाही आकडा दाखवतात, तर चांगला काढू. मी नीट दिली टेस्ट. जितकी येते तितकी दिली.” त्याने खांदे उडवले. “तेवढीच आली.”

वासिल मामा म्हणाला, “पण मिस डार्सीने मला तो आकडा दाखवला तेव्हा... तू माझ्याकडे बघून हसलास.”

“तुम्ही डोळा मारलात. म्हणून हसलो.”

मायरन मामाने टेबलावर थाप मारली, पीठ उडालं. “मग झालं की! उलट चांगलं झालं! अरे, ऑगस्टाचा आकडा खरा, आत्ताचा खरा, दोन्ही सारखे. म्हणजे शुक्रवारच्या मारामुळे काहीच झालेलं नाही! लबाडी नाही, काही नाही. मशीन बरोबर आहे. ताई, तू उगाच जीव काढलास सगळ्यांचा!”

आणि ऐका, आई मला स्वतः म्हणाली आहे, त्या क्षणी तिला त्याचं पटलं. पटावं असं इतकं वाटलं की ती परत खुर्चीत बसली. शाळेत जायला नको, कोणाचं नाव घ्यायला नको, उद्या कॉलेजचा माणूस येईल. शेरिल मामीने तर देवाचे आभारही मानले.

लॉरेन मामीने विचारलं, “डेमियन, तुला असं कधीपासून होतंय?”

“कसं?”

“डोळे बारीक करतोस तसं. विसरतोस तसं.”

“ईस्टरपासून,” तो म्हणाला.

ईस्टरला खाण्याच्या टोपल्यांना फादरचा आशीर्वाद मिळाला की हॅम आणि रंगवलेली अंडी खाऊन आम्ही सगळे मायरन मामाच्या अंगणात जातो. घडीच्या खुर्च्यांच्या दोन रांगा लावायच्या, मध्ये एक बोळ, आणि बोळाच्या दोन टोकांना दोन पोरं. शिट्टी वाजली की एकमेकांवर धावायचं. जो उभा राहील तो जिंकला. हेल्मेट नाही, नवे कपडे. आजोबांनी सुरू केलं, वासिल मामा त्यातूनच तयार झाला, असं सगळे म्हणतात. बायका ताटं घेऊन खुर्च्यांवरच बसतात. या ईस्टरला, म्हणजे ऑगस्टच्या टेस्टच्या चार महिने आधी, डेमियन आणि ट्रेंट समोरासमोर होते. डेमियन पडला आणि उठलाच नाही, तेव्हा आम्ही सगळ्यांनी कुस्तीतल्यासारखं मोठ्याने मोजलं होतं. एक! दोन! तीन! मीपण मोजलं. दहानंतरही तो पडूनच होता, म्हणून शेरिल मामीने त्याच्या पोटावर हॅमची ताटली ठेवली आणि सगळे परत हसले.

ट्रेंटचं चघळणं थांबलं होतं. “तू म्हणालास ठीक आहे,” तो म्हणाला. “डेम, तू म्हणालास ना?”

“ठीकच होतो रे. थोडं घुमत होतं.”

“अजून घुमतं?”

डेमियनने ट्यूबलाइटकडे बघून परत डोळे बारीक केले.

आईने तोंडावर हात धरला, सगळ्या तोंडाला पीठ. ती रडली नाही. नुसती डेमियनकडे बघत होती, ईस्टरपासूनचे सगळे दिवस मागे मागे जाऊन तपासत असल्यासारखी.

वासिल मामा उठला. टेबलाला धरून उठावं लागलं. “तो उद्या खेळणार नाही,” म्हणाला. “उद्या नाही, परवा नाही. लॉकर रिकामा कर, डेमियन.”

“मामा, नको ना!” डेमियनचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. “एवढा एक सामना. तो माणूस येऊन जाऊ दे. मग मी स्वतः सोडतो, आईशप्पथ. मामा, मला दुसरं काही येत नाही!”

मामाने त्याला जवळ ओढलं, त्या वाकड्या बोटांनी त्याचं डोकं छातीशी धरलं, आणि डेमियन धडपडला, सुटायला बघायला लागला. मामाने त्याला सोडलं नाही. मी वासिल मामाला तोपर्यंत रडताना बघितलं नव्हतं. तो फार विचित्र रडतो, आवाजच येत नाही.

मायरन मामा घसा साफ करत म्हणाला, “ठीक आहे. तू कोच आहेस, तू म्हणशील तसं. मग त्याच्या जागी उद्या कोण?”

“त्याच्या जागी ट्रेंट आहे,” वासिल मामा म्हणाला. “तुला माहीत आहे.”

मायरन मामाने ट्रेंटकडे बघितलं. आत्तापर्यंत त्याच्याकडे सगळ्याची उत्तरं होती. आता बोलली ती शेरिल मामी. “ट्रेंट, तुझा ऑगस्टचा आकडा किती होता?”

“कमी होता. काका म्हणाले तसं केलं मी.”

“मुद्दाम?”

“हो.” तो आपल्या बापाकडे बघत होता. “म्हणजे... अर्धंमुर्धं मुद्दाम. काही काही खरंच नव्हतं येत. आई, तेव्हा नीट लक्ष नव्हतं दिलं मी, मला काय माहीत!”

“शेरिल,” मायरन मामा म्हणाला, “शेरिल, तो ठीक आहे. बघ ना त्याच्याकडे.”

“तू डेमियनलाही ठीकच म्हणत होतास. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी.”

“दादा, सांग ना हिला!” मायरन मामा वळला. “ट्रेंट ठीक आहे, सांग!”

वासिल मामाने डेमियनला सोडलं. “मला नाही माहीत,” तो म्हणाला. “मायरन, मला कोणाचंच माहीत नाही. मी फक्त आपल्या अंगणात नव्हतो बोललो. पहिल्या दिवशी लॉकर रूममध्ये सगळ्या टीमला सांगितलं. नक्कल करून दाखवली. सगळी हसली.”

तळघरात मोबाइल लागत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर चर्चचा जुना फोन आहे, मामा तिकडे चालत गेला. मायरन मामा त्याच्या मागे गेला, दंड धरून कुजबुजत होता, “दादा, उद्याचा सामना रद्द होईल. तुला काढतील. या गावात तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सोमवारी सांग. दादा, सोमवारी!” मामाला त्या बोटांनी बटणं दाबता येईनात. लॉरेन मामी उठून गेली, मायरन मामाचा हात बाजूला केला, आणि नंबर तिने लावला.

“मिस डार्सी? मी कोच ह्रित्झ. ऑगस्टच्या आकड्यांबद्दल बोलायचंय. ते खोटे आहेत, मी शिकवले... नाही, माझ्या भाच्याचा खरा आहे. तोच तेवढा खरा आहे, म्हणून तर... हो. बाकीच्यांमध्ये खरे कुठले, खोटे कुठले, मला सांगता येणार नाही.” तो ऐकत होता. “कुठला मुलगा म्हणजे? सांगतो. लिहून घ्या.”

आणि तो नावं घ्यायला लागला. कागद नाही, काही नाही, सगळी टीम त्याला तोंडपाठ. “ट्रेंट ह्रित्झ.” शेरिल मामीचे हात मांडीवर पडले. “कोल बार्तको.” खिडकीजवळच्या टेबलावर मिसेस बार्तकोने दुमडलेली चकती तशीच सोडली. “ग्रेगरी दुपनाक.” त्याची मावशी स्टोव्हपाशी होती, ती वळली. “एलायस फेडोर्चाक. नोलन फेडोर्चाक.” दोघांची आजी एकच, तिने शेजारणीचं मनगट पकडलं. मामा भिंतीकडे तोंड करून बोलत होता, त्याला कोणी दिसत नव्हतं. आणि एकेका नावाला तळघरातले एकेकीचे हात थांबत गेले, या टेबलावर, त्या टेबलावर, इतके की आता फक्त मामाचा आवाज आणि पारास्का आजीचे हात चालू होते. तिच्या नातवाचं, ल्यूकचं नाव अजून आलं नव्हतं. ती मान खाली घालून चिमटत होती, भराभर, आणखी भराभर, एक झाली की दुसरी, कडा पूर्ण न मिटवताच पुढची.

“ल्यूक सेमान्को,” मामा म्हणाला.